रिक्त पदाचा फोटो

काष्टीच्या गनीभाईंना एक माणूस हवा होता.

ही मागणी ऐकायला साधी वाटते. पण त्या काळात बेरोजगारी जोरात असल्यामुळे माणूस मिळणं अवघड झालं होतं. तालुक्यातला प्रत्येक तरुण एकतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेला होता, नाहीतर भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावत होता. बसलेल्याला उठवणं पाप आणि धावणाऱ्याला थांबवणं त्याहून मोठं पाप. गनीभाईंचं 'शिफा इंजिनिअरिंग वर्क्स' त्याच रस्त्याला होतं. तिथे जनावरांसाठी कडबा बारीक करणारी कडबाकुट्टीची यंत्रं तयार होत आणि जुन्या यंत्रांच्या पात्यांना धार लागे. गाव दुधाचं, घरोघरी जनावरं, त्यामुळे ऑर्डरींना तोटा नव्हता. पाटीवर लेकीचं नाव, आणि कामाला गनीभाई स्वतः व त्यांच्याच हाताखाली घडलेला कानिफनाथ. कानिफनाथने लावलेली धार अशी की कापलं गेल्याचं कडब्यालाही उशिरा कळावं.

दोघांच्यानं काम उरकेना. आणखी एक माणूस मिळाला नाही तर दिवाळीनंतर शटर ओढायची वेळ येणार होती. म्हणून गनीभाई तालुक्याच्या रोजगार कार्यालयात गेले.

"म्हणजे तुमच्याकडे काम आहे आणि माणूस नाही," साहेब समजून घेत म्हणाले. "आमच्याकडे माणसं आहेत आणि काम नाही."

"मग झालंच की साहेब. एक द्या."

"असं परस्पर देता येत नाही. आधी तालुक्यात संधी किती आहेत, हे शोधावं लागतं. त्यासाठी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर संधीशोधक नेमायचे आहेत. ते गावोगाव फिरून रिक्त पदं शोधतील."

"पर मी तर सोताच सांगाया आलोय."

"तुम्ही आलात, ही तुमची वैयक्तिक हालचाल झाली. तिला शोध म्हणता येत नाही."

गनीभाईंनी हा किस्सा दुकानात हसत हसत सांगितला. कानिफनाथ हसला नाही. जाहिरात कधी निघणार, एवढंच त्याने विचारलं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे गनीभाईंच्या ध्यानात आलं ते कानिफनाथची आई गोजरबाई पेढे घेऊन आली तेव्हा.

"भाई, राग मानू नका," गोजरबाई म्हणाली. "तितं पगार तुमच्या निम्मा हाय, मला ठावं हाय. पर पोरगी बघाया गेलं का पोरीचा बाप इचारतो, पोरगं कुटं असतं? मी म्हनायची, काष्टीत पात्यांना धार लावतंय. तितंच बोलनं थांबायचं. चहा बी अर्धाच यायचा."

"आनि आता?"

"आता म्हनते, तालुक्याला हापिसात हाय. परवा पोहे बी आलं."

गनीभाईंना वाईट वाटलं. घरचा मुलगा वेगळा निघाल्यासारखं वाटलं. पण पेढा तोंडात असताना माणूस काय बोलणार? कानिफनाथच्या गळ्यात निळी फीत आणि फितीला ओळखपत्र आलं, आणि तीन वेळा नकार दिलेल्या घराने आपल्या लेकीसाठी, संस्कृतीसाठी, होकार कळवला. कार्ड त्या अकरा महिन्यांपुरतंच होतं, पण मुदत संपायची तारीख कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेली होती.

संधीशोधकाने पहिला शोध अर्थातच ओळखीच्या ठिकाणी लावला.

"या साहेब, बसा," गनीभाई म्हणाले.

"चाचा, साहेब नका म्हनू. पर मला इचारावं लागतंय. रिक्त पदं किती?"

"एक."

"कधीपासनं?"

"तू गेल्यापासनं."

"कारन?"

"तूच."

कानिफनाथने मोबाईलवर पर्याय खाली-वर केले. 'कामगार उपलब्ध नाही' होतं, 'कामगार अकुशल' होतं, 'कामगार परगावी गेला' हेही होतं. कामगार समोर उभा राहून चौकशी करत असेल तर काय, याची तरतूद नव्हती. त्याने 'इतर'वर बोट टेकवलं.

"आता पदाचा फोटो लागंल."

"पदाचा?"

"रिकाम्या जागंचा. त्याबिगर अर्ज फुडं सरकत न्हाई."

ग्राइंडरसमोरच्या ज्या स्टुलावर तो इतकी वर्षं बसला होता, त्या स्टुलाचा कानिफनाथने फोटो काढला. फोटो आठवड्याने परत आला. कोपऱ्यात गनीभाईंचा गुडघा आल्यामुळे पद अंशतः भरलेलं दिसत होतं. दुसरा फोटो मंजूर झाला, पण त्याबरोबर सूचनाही आली की पडताळणी पूर्ण होईपर्यंत सदर पदावर कोणीही बसू नये. पडताळणीला एकामागून एक अधिकारी आले. त्यांनी स्टुलाभोवती फिरून पाहिलं, चहा घेतला आणि पद खरोखरच रिक्त असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. तोपर्यंत गनीभाई उभ्यानेच धार लावत होते आणि गिऱ्हाइकं कुट्टीची यंत्रं टेम्पोत घालून धारेसाठी दौंडला न्यायला लागली होती.

मग एक दिवस कानिफनाथ तोंड पाडून आला. महिन्याला दहा रिक्त पदं सापडली नाहीत तर कंत्राट वाढणार नव्हतं, आणि लग्न तोंडावर आलेलं.

"चाचा, तुमचं एकच हाय. आनखी काही निघतंय का बघा की."

गनीभाईंचा जीव तुटला. "मॅनेजर लिही," ते म्हणाले. "हिशेबनीस लिही. राखनदार लिही. मॅनेजरला शिपाई लागंल, तो बी लिही."

फोटोसाठी मांडववाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. दहाच्या दहा खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या, त्यामुळे हरकत घ्यायला कुणाला जागाच नव्हती. खुर्च्या मांडववाल्याकडे परत गेल्या आणि महिन्याभराने त्याच खुर्च्यांवर बसून गावाने कानिफनाथचं लग्न लावलं. इकडे शिफा इंजिनिअरिंग वर्क्स हा तालुक्यातला सर्वाधिक संधी असलेला उद्योग ठरला. रोजगार मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन गनीभाईंचा सत्कार झाला. दोन शब्द बोलायला सांगितल्यावर ते म्हणाले, "सत्कार ऱ्हाऊ द्या, मला एक मानूस द्या." लोकांना वाटलं, हे समारोपाचं वाक्य आहे. टाळ्या बराच वेळ चालल्या.

माणूस मिळाला तो बाजाराच्या दिवशी. नेवाशाचा उझैर मामाबरोबर म्हैस घ्यायला शनिवारच्या बाजाराला आला होता. ग्राइंडरचा आवाज ऐकून दुकानात डोकावला आणि थेट विचारलं, "चाचा, मानूस पायजे का?" त्याची कुठल्याही पोर्टलवर नोंद नव्हती, तो कुठल्या अभ्यासिकेत बसत नव्हता, आणि त्याला काम येत होतं. अशा माणसाला शासनाच्या दृष्टीने अस्तित्व नसतं. गनीभाईंनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि त्याला रिक्त पदावर बसवलं. दोन-तीन महिन्यांत दौंडला गेलेली गिऱ्हाइकं परतली. दुकानाचे मोबाईलवरचे व्यवहार बघणारी शिफा भर उन्हात अब्बांचा डबा स्वतः घेऊन येऊ लागली. पूर्वी तिला उन्हाचा फार त्रास व्हायचा.

हे सगळं पाहूनच उझैरचे मामा अमीरभाई एका शुक्रवारी शिफासाठी लग्नाचा पैगाम घेऊन आले. बोलणं घरच्या दख्खनीत झालं. इथे मराठीत दिलं आहे, कारण विषय रोजगाराचा असल्याने तो शासकीय समजला पाहिजे.

"पोरगं तुमच्या नजरंखालीच हाय," अमीरभाई म्हणाले.

"लाखात एक पोरगं," गनीभाई म्हणाले. "हात सोन्याचं हायेत. सुपारीचं खांड तोंडात न्हाई. आमच्या हमिदाला बी लई पसंत हाय." मग त्यांनी बशी खाली ठेवली. "पर नोकरी काय हाय त्याला?"

अमीरभाईंना वाटलं, थट्टा चाललीय. "तुमच्याकडंच हाय की."

"माझ्याकडं काम हाय, अमीरभाई. मी नोकरीचं इचारतोय."

हमिदाने नवऱ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. आतल्या खोलीत कपबश्यांचा आवाज थांबला.

सोमवारी उझैर कामावर आला नाही. नंतरच्या सोमवारीही नाही. गनीभाई उभ्यानेच धार लावू लागले, कारण आता स्टुलावर बसायची सवयच मोडली होती. कुट्ट्या पुन्हा दौंडच्या वाटेला लागल्या.

मग एक दिवस कानिफनाथ आला. बरोबर नव्या भरतीतला संधीशोधक होता, गळ्यात कोरी निळी फीत.

"रिक्त पदं किती, चाचा?" उझैरने खाली बघत विचारलं.

"एक," गनीभाई म्हणाले आणि न सांगता स्टुलापासून बाजूला झाले. गुडघासुद्धा मधे आला नाही. फोटो पहिल्याच वेळी मंजूर होईल असा निघाला. त्यांनी एकदा रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, एकदा निळ्या फितीकडे, आणि घराच्या दिशेने हाक मारली.

"शिफा, चहा आन गं. चांगल्या कपबश्या काढ."

वाचकहो, गनीभाईंना हसायला काहीच हरकत नाही. फक्त त्याआधी आपल्या लेकीचा बायोडेटा कपाटातून काढा, 'अपेक्षा' लिहिलंय तिथे एकदा नजर टाका, आणि मग पोटभर हसा. आणि तुमचा मुलगा सध्या मोकळाच असेल तर त्याला काष्टीला पाठवून द्या. स्टूल अजून रिकामं आहे.