चित्र अजीजभाईंचं, आवाज शेषेरावांचा

बायको टीव्हीवर येणार, तर ती निदान ओळखू यावी, एवढीच अजीजभाईंची इच्छा होती. त्यात वावगं काही नव्हतं. पण त्या एवढ्याशा इच्छेपायी पुढे जे झालं, त्यानंतर बरेच दिवस औशाच्या बाजारातून त्यांना मान वर करून चालता आलं नाही.

अजीजभाईंचं औशात गाद्या-रजयांचं दुकान. गादीला टाका घालण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. बाकी स्वभाव मात्र चटकन थक्क होण्याचा. लातूरच्या मॉलमधला सरकता जिना त्यांनी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ते त्याच्यासमोर इतका वेळ अदबीने उभे होते, की शेवटी वॉचमनने त्यांना स्टूल आणून दिलं. (ते बसले आणि बसून बघू लागले.)

झालं असं, की त्यांच्या पत्नी मलिकाभाभी लातूरला बहिणीकडे, शबानाकडे गेल्या असताना तिथे एका मराठी चॅनेलवाल्यांनी स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचं शूटिंग केलं. शबानाने ऐनवेळी मोठ्या बहिणीलाच कॅमेऱ्यासमोर ढकललं. मलिकाभाभींनी आपला दालचा, म्हणजे डाळ-भोपळ्याचं आंबट कालवण, करून दाखवला आणि त्या घरी परत आल्या.

"काय काय इचारलं गं?" अजीजभाईंनी विचारलं.

"लई इचारलं."

"मग तू काय सांगितलीस?"

"टीव्हीवर बगा की," भाभी म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

आता अजीजभाईंच्या घरी केबल होती. तिच्यावर आवाज खणखणीत यायचा. चित्र मात्र असं, की नटी आणि तिची सासू यांत फरक कळायला संवाद ऐकावे लागत. अशा पडद्यावर मलिका दिसणार? अजीजभाई तडक केबलवाल्या मन्मथकडे गेले आणि म्हणाले, "तुझं चित्र म्हणजे पीठ सांडल्यागत दिसलालंय. काढून टाक तुझी वायर."

मन्मथने वायर काढली. वेटोळं करून खांद्यावर टाकलं आणि जाताना म्हणाला, "चाचा, परत जोडाय सांगू नका बरं का."

दुसऱ्या दिवशी लातूरहून बजरंग नावाचा पोरगा आला आणि गच्चीवर डिश बसवून गेला. टीव्ही लागला आणि अजीजभाईंनी आ वासला. बातम्या देणाऱ्या बाईच्या पापण्या मोजता येत होत्या! मालिकेत कुणीतरी मेलं होतं, घरदार रडत होतं, पण अजीजभाई पडद्याजवळ जाऊन म्हणाले, "मलिका, ती उशी बग. मशीनची न्हाई, हातशिलाई हाय!"

"आवाज कुठंय पण?" मलिकाभाभी म्हणाल्या.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. आवाजाचं काही खरं नव्हतं. एका चॅनेलवर माणसं कानात सांगितल्यासारखी बोलायची, म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच जाहिरात लागून मांडणीवरची ताटं हलायची. भाभींचा कार्यक्रम ज्या चॅनेलवर होता, तिथे तर अजबच. मागचा बाजा झकास ऐकू यायचा, माणसांचा आवाज तेवढा गायब. सगळी माणसं ओठ हलवायची आणि सनई वाजायची.

बजरंगला परत बोलावलं. त्याने रिमोटची सगळी बटणं दाबली, डबा उलटा करून पाहिला, आणि म्हणाला, "चाचा, हे वरूनच येईना गेलंय."

"वरून म्हणजे?"

"वरून." त्याने बोट आभाळाकडे केलं.

अजीजभाईंनी वर पाहिलं. तिथे तक्रार करण्याची त्यांची छाती होईना. कंपनीला फोन लावला, तर एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. (इतक्या वेळा त्यांना महत्त्वाचं कुणीच म्हटलं नव्हतं. त्यांना फोन ठेववेना.)

तोवर रविवार उजाडला. कार्यक्रम दुपारचा. अजीजभाईंनी निम्मी गल्ली जेवायला आणि बघायला बोलावून ठेवलेली. मन्मथकडे जाण्याचं तोंड नव्हतं. पुण्याहून मुलगी सदफ फोनवर म्हणाली, "अब्बा, दोन दिवसांनी ते लोक इंटरनेटवर टाकतात, तेव्हा बघा ना." पण गल्लीला दोन दिवस बसवून ठेवणार कसं?

शेवटी मार्ग काढला शेजारच्या शेषेरावांनी. त्यांची शेती उंबडग्याच्या रस्त्याला आणि घर अजीजभाईंच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्याकडे अजून मन्मथचीच केबल होती.

"अजीजभाई, तुमच्याकडं चित्र हाय, आमच्याकडं आवाज हाय. मंग रडून कामून राहिलाव? माझा टीव्ही हितं आणू."

वायर खिडकीतून आली. शेषेरावांचा टीव्ही अजीजभाईंच्या टीव्हीखाली ठेवला, त्याचं पांढुरकं चित्र मधे मधे येऊ नये म्हणून त्याच्यावर नवी कोरी रजई पांघरली, आणि वरच्या टीव्हीचा आवाज बंद केला. खालून आवाज, वरून चित्र. अजीजभाईंनी या जोडणीकडे डोळे भरून पाहिलं. माणसाच्या अकलेला सीमा नाही, असं त्यांना वाटलं.

कार्यक्रम सुरू झाला, आणि कळलं, की केबल डिशच्या थोडी पुढे धावते. आधी फोडणी चर्र वाजली. तेल कढईत नंतर पडलं. रजईच्या आतून मलिकाभाभी म्हणाल्या, "आता कद्दू घालायचा," आणि पडद्यावरच्या मलिकाभाभींचं तोंड त्यानंतर उघडलं.

"अगं बया!" शेषेरावांच्या पत्नी तुळजाबाई म्हणाल्या. "भाभी, तुमचं मनातलंच ऐकू येऊ लालंय की!"

सगळे हसले, पण अजीजभाईंना ऐकूच गेलं नाही. ते पडद्यावर डोळे लावून बसले होते. ही मलिका? कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारणारी, चिंचेचा कोळ घालताना एक डोळा बारीक करणारी? तिच्या हनुवटीवर तीळ होता. इतकी वर्षं संसार झाला, तो तीळ कुठे होता? त्यांनी हळूच शेजारी बसलेल्या मलिकाभाभींकडे पाहिलं. होता. तिथेही होता. अजीजभाईंच्या अंगावर काटा आला.

मग तो प्रश्न आला. सूत्रसंचालक मुलगी रजईतून म्हणाली, "मलिकाताई, इतक्या वर्षांच्या तुमच्या संसारात तुम्हाला सगळ्यात जास्त साथ कुणाची?"

अख्खी खोली अजीजभाईंकडे वळली. शेषेरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. अजीजभाईंनी टोपी सारखी केली. पडद्यावर ती मुलगी अजून प्रश्नच विचारत होती. मग मलिकाभाभी लाजल्या, पदर सावरला, आणि तोंड उघडलं.

पण रजईतून उत्तर यायच्या आतच मन्मथने केबलवर आपली गावातली जाहिरात सोडली होती.

"जुनाट मूळव्याध!" मलिकाभाभींच्या हलणाऱ्या ओठांतून भसाडा पुरुषी आवाज आला. "किती दिवस लपवाल? बसता येत नाही, उठता येत नाही, कुणाला सांगता येत नाही!"

पडद्यावर भाभींनी हसून मान डोलावली.

"रक्त पडतं का? आग होते का?"

भाभींनी डोळ्याच्या कडा पुसल्या.

"लाजू नका! आजच या!"

मग तुळजाबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि पाठोपाठ सगळी गल्ली फुटली. मागे दारात उभ्या असलेल्यांना वायरींची भानगड माहीतच नव्हती. त्यांतला एक म्हातारा कळवळून म्हणाला, "बिचारा! गादीचा धंदा म्हून निभलालंय."

अजीजभाई रजईखालचा टीव्ही बंद करायला धावले. घाईत त्यांनी वरचा बंद केला. तो परत लागेपर्यंत कार्यक्रम संपून गेला होता.

संध्याकाळपर्यंत घरी इसबगोलची पाकिटं आली. एकाने सुरणाचा गड्डा आणून दिला. दुकानात गिऱ्हाईक आलं, की आधी "बसा, बसा, तुम्ही बसा," म्हणायचं आणि मग जीभ चावायचं.

पण खरं सांगायचं, तर अजीजभाईंना या कशाचंच दुःख नव्हतं. आवाज गेला तरी चित्र त्यांनी पाहिलं होतं. साथ कुणाची म्हटल्यावर ती कशी लाजली होती! किती वेळ बोलत होती! शेवटी डोळ्यांत पाणी! आपल्याविषयी हिच्या पोटात एवढं साठलंय, आणि आपल्याला पत्ता नाही. ते टाका घालता घालता मधेच थांबायचे आणि आढ्याकडे बघून हसायचे. त्यांनी भाभींना एक-दोनदा विचारूनही पाहिलं, "काय म्हणली होतीस गं?" त्या म्हणाल्या, "आता काय ध्यानात हाय?" लाजते, अजीजभाईंनी ओळखलं. त्या दोन दिवसांत ते जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलू लागले.

मंगळवारी दुपारी सदफने मोबाईलवर कार्यक्रम पाठवला. दुकानात कुणी नव्हतं. अजीजभाई गाद्यांच्या थप्पीवर चढून बसले, व्हिडिओ त्या प्रश्नापर्यंत पुढे नेला आणि फोन कानाशी धरावा की डोळ्यांशी, या विचारात पडले.

"सगळ्यात जास्त साथ कुणाची?" मुलीने विचारलं.

मलिकाभाभी लाजल्या. पदर सावरला.

"कुकरची," त्या म्हणाल्या. "माझ्या अम्मीनं लग्नात दिलेला. येळेवर बोलतो, काम झालं की गप बसतो. आजपतुर कधी नाव ठेवलं न्हाई की रुसला न्हाई. अम्मी गेली, तेवढा कुकर राहिला." त्यांनी डोळ्याच्या कडा पुसल्या.

"आणि मिस्टर?" मुलीने हसत विचारलं.

भाभी जरा थांबल्या. आठवल्यासारखं केलं.

"तेबी हायत की."

अजीजभाईंनी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा ऐकला. चित्र लख्ख होतं. आवाजही लख्ख होता. ऐकण्यात चूक व्हायला कुठे जागाच नव्हती.