मार्तंडच्या कोटाचं दुसरं बटण

वसई-विरार पट्ट्यात गुप्तहेर म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो मी. नाव मीच घेतो, पण घेतलं जातं हे खरं. दिनानाथ माझं नाव. चौतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले. इतरांना काचेमागचा आकडा दिसायचा, मला त्यामागची गळती दिसायची. माझ्या बऱ्याचशा गळत्या पुढे सापडल्याही, फक्त दुसऱ्यांच्या घरी. निवृत्तीनंतर नायगावच्या आमच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर मी हेरगिरीचं काम सुरू केलं आणि आजवर एकही गुन्हेगार माझ्या तावडीतून सुटलेला नाही. एकही तावडीत आलेला नाही, हा तपशील वेगळा.

माझी ओळख म्हणजे माझा कॉफी रंगाचा कोट. नायगावच्या घामट हवेत बारा महिने कोट घालणारा माणूस एक तर हेर असतो किंवा आजारी, असं माझी बायको वसुंधरा म्हणते. कोटाचं दुसरं बटण गेलेलं आहे आणि डाव्या खिशाला भोक आहे. बटण एका दांडग्या गुंडाशी झालेल्या झटापटीत तुटलं, हे सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे, कारण मी सर्वांना सांगितलंय. वसुंधरा सहा वर्षं म्हणतेय, ‘द्या, लावून देते.’ मी देत नाही. जखम शिवायची असते, पदक नाही.

कोटाचं मूळ ‘गुप्तहेर मार्तंड’ या जुन्या सिनेमात आहे. मी तो शाळा बुडवून अकरा वेळा पाहिला. मार्तंडचा कोट काळाभोर, इस्त्रीदार. मी घ्यायला गेलो तेव्हा दुकानात काळा संपला होता. आता त्याच सिनेमाची नवी आवृत्ती निघणार होती आणि आमच्याच नायगावच्या स्टुडिओत चित्रीकरण होणार होतं. प्रश्न एकच होता: मार्तंड कोण? पडद्यावर तीस वर्षं मुरलेला हर्षवर्धन, की कुणी कधी न पाहिलेला नवा चेहरा? आमच्या लिफ्टमध्ये यावरून दोन तट पडले होते. सातव्या मजल्यापर्यंत हर्षवर्धन जिंकायचा आणि पुढे नवा चेहरा, कारण हर्षवर्धनवाले सातव्यावर उतरायचे.

मंगळवारी सकाळी कल्पेश घरी आला. कल्पेश माणिकपूरच्या स्टँडवर रिक्षा चालवतो. खाडीकाठी त्यांची भातशेती. मी त्याचं रोजचं गिऱ्हाईक.

“काका, एक केस आहे,” तो म्हणाला. हे वाक्य माझ्या दारात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

हकीकत अशी. मार्तंडसाठी त्याने ऑडिशन दिली होती. शेवटच्या पाच जणांत तो होता आणि पाचांचीही मापं घेतली होती. “जवळजवळ फायनल आहे, केस कापू नकोस, कुणाला बोलू नकोस,” असा फोन आला आणि मग वीस दिवस कुणी फोन उचलेना. इकडे त्याचे वडील, नथूभाऊ, यांनी ओळख काढून विरारच्या एका कंपनीत त्याला कायमची नोकरी लावली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं.

“नोकरी सोडली आणि रोलपण हर्षवर्धनला गेला, तर बाबा मला घरात घेणार नाय,” कल्पेश म्हणाला. “आणि नोकरी धरली नि नंतर फोन आला, तर मी स्वतःला घरात घेणार नाय. रविवारपर्यंत सांगा ना काका, रोल माझा की त्याचा?”

मी केस घेतली. एक गोष्ट मात्र अशिलापासून लपवली. नवा चेहरा हवा अशी जाहिरात येताच मीही माझा व्हिडिओ चोरून पाठवून दिला होता. जाहिरातीत वयाची अट नव्हती. वसुंधराला याचा पत्ता नव्हता, असं मला वाटत होतं.

बुधवारी आम्ही कल्पेशच्या रिक्षातून स्टुडिओच्या फाटकावर पाळत ठेवली. साडेअकराला काळ्या काचांची लांबलचक पांढरी गाडी समोरून गेली. अशा काचा फक्त प्रस्थापित नटच लावतो. “पाठलाग,” मी म्हणालो. गाडी पापडीला चर्चपाशी थांबली आणि तिच्यातून नवरी उतरली.

निघणार तोच नवरीची मावशी, उर्सुलाबाई, यांनी मला हाताला धरलं. “दादा, तुम्ही ना? आमच्या सँड्राच्या लग्नाला पण आला होतात, सहा वर्षांमागे. हाच कोट. जेवल्याशिवाय जायचं नाय हां.” पुरावा गोळा करण्यासाठी मी लग्नात करतात ते मैद्याचे चार तळलेले फुगे खाल्ले. हर्षवर्धन मंडपात कुठेच नव्हता, यावरून तो शर्यतीतून बाद झाल्याचा निष्कर्ष मी काढला.

गुरुवारी दुसरा धागा लागला. स्टुडिओचा एक माणूस माणिकपूरच्या दुकानातून केसांच्या काळ्या कलपाची तीन पाकिटं घेऊन गेला. म्हणजे नायकाचे केस पांढरे. म्हणजे नायक वयस्क. पण वयस्क असून नवा चेहरा. मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

“माझी उमेद राखायला कायतरी सांगू नका, खरं सांगा,” कल्पेश रिक्षाच्या आरशातून बघत म्हणाला.

“तपास एका अनपेक्षित व्यक्तीकडे वळतोय,” मी म्हणालो. ती व्यक्ती मागच्या सीटवर बसली होती, हे त्याला सांगायची मला लाज वाटली.

शुक्रवारी मी सगळे पुरावे वहीत मांडले. नायक वयस्क. नायक नायगाव परिसरातला, कारण बाहेरचा असता तर त्याची गाडी दिसली असती. नायक इतका अनोळखी की लोकांनी त्याला पाहूनही पाहिलेलं नाही. आमचा वॉचमन सात वर्षं मला रोज विचारतो, ‘कुणाकडे जायचंय?’ खाली मी रेघ मारली आणि उत्तर लिहिलं: दिनानाथ. तर्कशास्त्रापुढे माणसाने नम्र व्हावं, म्हणून मी नम्र झालो. वाईट फक्त कल्पेशचं वाटलं. त्याला नोकरी धरायला कसं सांगायचं, याची वाक्यं मी रात्रभर जुळवत होतो.

या पूर्ण आठवड्यात वसुंधरा एकच गोष्ट बोलत होती. “अहो, माझा ब्लाउज आला नाही. रविवारी क्षितिजाचा साखरपुडा आणि व्हेरोनिका म्हणते शूटिंगचं काम आलंय, थांबा.” क्षितिजा तिची भाची, व्हेरोनिका माणिकपूरची शिंपीण. मी दरवेळी हात वर करून म्हणायचो, “वसुंधरा, मी केसवर आहे.”

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. “केस घेऊन इकडे या. कल्पेशलाही आणा.”

व्हेरोनिकाच्या दुकानात खुंटीवर एकाशेजारी एक तीन कोट टांगले होते. तिन्ही कॉफी रंगाचे. तिन्हींना दुसरं बटण नव्हतं. तिन्हींच्या डाव्या खिशाला भोक होतं.

“नवंकोरं कापड,” व्हेरोनिका कपाळावर हात मारत म्हणाली, “आणि मला सांगतात भोक पाड. तीस वर्षांत मी कधी कुणाच्या खिशाला भोक नाय ठेवलं. मी ताईंना दाखवलं, बघा म्हटलं ही काय फॅशन. तर ताई हसायलाच लागल्या.”

“तीन कशाला?” कल्पेशने विचारलं.

“हीरोचेच तीन शिवतात. एक चिखलात लोळायला, एक धुवायला, एक बरा दिसायला. चिठ्ठीवर नाव नाय, नुसतं ‘मार्तंड’ आणि मापं.”

मी सावकाश पुढे झालो. अशा वेळी घाई शोभत नाही. “कल्पेश,” मी म्हणालो, “मनाची तयारी कर. हा कोट माझा आहे. नवा मार्तंड मी आहे. तू नोकरी धर, बाळा.” आणि मी मधला कोट खुंटीवरून काढून हात घातला.

हात कोपरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मी दुसरा हात घालायचा प्रयत्न केला. पाठीत काहीतरी उसवल्याचा आवाज आला. व्हेरोनिका ओरडली, “दादा, छाती अडतीस आहे ती.”

कोटातून मला काढायला दोघी लागल्या. ते होईपर्यंत कल्पेश जमिनीकडे बघत उभा होता. मग त्याने पहिला कोट घातला. खांद्यावर बसला, पाठीवर बसला, बाह्या मनगटाशी येऊन थांबल्या.

“कल्पेश,” वसुंधरा हळूच म्हणाली, “यांच्या कोटाचं तिथे कुणाला कसं कळलं?”

“मी सांगितलं, काकू.” तो माझ्याकडे वळला. “काका, माझ्या आधी हर्षवर्धन ऑडिशन करून गेला होता. एकदम जुन्या मार्तंडसारखा, हुबेहूब. मला तसं येतच नाय. मी घाबरलो. मग मी तुम्ही झालो. रोज आरशात बघतो ना तुम्हाला. तुम्ही रिक्षातून उतरता, आधी जमीन बघता, मग आभाळ, मग चुकीच्या बिल्डिंगमधे शिरता. डायरेक्टर खुर्चीवरून खाली बसला हसून. बोलला, मला असाच मार्तंड पाहिजे, याचा कोट कसा असतो ते सांग. मी सगळं सांगितलं. बटणपण.”

मला फार लागलं. ज्या माणसासारखं दिसावं म्हणून मी आयुष्य घातलं, त्याच्या जागी लोक आता माझ्यासारखा माणूस ठेवून हसणार होते. आणि कोटाची माहिती फक्त कल्पेशने दिली होती, कोट त्याच्या मापाचे होते, म्हणजे भूमिका त्याचीच होती. केस सुटली होती. सोडवणारीने त्या वेळात ब्लाउजही घेतला होता.

“तुम्ही नको बोललात तर मी नाय करणार,” कल्पेश म्हणाला. “आई शप्पथ. सोमवारी विरारला जातो.” आणि तो कोट काढायला लागला.

खरं सांगतो, क्षणभर मी नको म्हणणार होतो. मग त्याचे हात दिसले. बाही काढताना शिवण दुखावू नये म्हणून किती जपत होता.

“राहू दे अंगात,” मी म्हणालो. “जमीन कशी बघितलीस, करून दाखव.”

त्याने दाखवलं. व्हेरोनिका तोंडाला पदर लावून हसली. वसुंधराने हसू लपवण्याचाही त्रास घेतला नाही.

“साफ चुकलं,” मी म्हणालो. “कमरेत वाकतोस. मी गुडघ्यात वाकतो. आणि चुकीच्या बिल्डिंगमध्ये शिरताना माणसाला पूर्ण खात्री असली पाहिजे. तुझ्या चेहऱ्यावर शंका दिसते.”

तासभर मी त्याला ‘मी’ शिकवला. मध्ये नथूभाऊंचा फोन आला, तेव्हा कल्पेशने स्पीकरवर सगळं सांगितलं. “बटन नाय त्या कोटाला,” नथूभाऊ म्हणाले, “मग तू हीरो कसा? बरं, कर. पन पानी सोडायला शेतावर ये आधी.”

घरी आल्यावर वसुंधराने सुईदोरा काढला. “आता मार्तंड कल्पेश आहे. तुम्ही तुमचं बटण लावून घ्या.” मी मुकाट्याने उभा राहिलो. तिने बटण लावलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, “लावा बघू.”

मी पोट आत घेतलं. श्वास रोखला. बटण आणि काज यांच्यात चार बोटं अंतर राहिलं.

“सँड्राच्या लग्नात सातव्या फुग्याला उडालं होतं ते,” वसुंधरा म्हणाली. “मी समोरच बसले होते. उर्सुलाबाईंच्या ताटात पडलं. आणि पुढच्या वेळी व्हिडिओ काढाल तेव्हा माझ्या फोनवर काढू नका.”

मी वळलो. रिक्षात राहिलेली ब्लाउजची पिशवी द्यायला आलेला कल्पेश दारात उभा होता. त्याने पोट आत घेतलेलं होतं, श्वास रोखलेला होता, आणि या वेळी अगदी बरोबर जमलं होतं.