समुद्रावर सोबत एक

या व्यवहारात मला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकते. पाच रात्री, सहा दिवस, एक समुद्र आणि एक नवरा. नवरासुद्धा कसा? बिनदुकानाचा, बिनगिऱ्हाईकाचा आणि मुख्य म्हणजे बिनआईचा! लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात आम्ही दोघंच असे जिथे गेलो, ते एकमेव ठिकाण म्हणजे तुमसरचा दाताचा दवाखाना. तोही दात माझा होता.

करडीला आमचं कृषी केंद्र आहे. बी.एस्सी. ॲग्री मी, म्हणून लायसन्स माझ्या नावावर. बोलायची हौस अंकुशला, म्हणून गल्ल्यावर तो. यंदा खताच्या कंपनीनं जाहीर केलं की ठरल्याएवढी पोती विकली की परदेशात समुद्रकाठी सहल. मी पोती विकली! असं समजा, खत मागायला न आलेल्यालाही विकली. एक गृहस्थ नुसता पत्ता विचारायला आले होते, ते दोन पोती घेऊन गेले.

कंपनीचा मंगेश फॉर्म घेऊन आला. फॉर्मवर लिहिलं होतं, 'दुकानदार व सोबत एक.' खाली तीन गावं. थायलंडचं पटाया, श्रीलंकेचं बेंटोटा, व्हिएतनामचं दा नांग. एकावर खूण करायची.

"पटाया करा ना," अंकुश सहज म्हणाला.

दुकानात उभी असलेली चारही गिऱ्हाइकं एकदम स्वतःच्या चपलांकडे पाहायला लागली. मी पटायावर काट मारली.

राहिली दोन गावं. माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. वाळू, संध्याकाळ, अंकुशच्या हातात माझा हात आणि कुणीही मधे येऊन 'युरिया आला का जी?' असं विचारणार नाही!

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी, म्हणजे ताराबाईंनी, वरणाचा डाव हातात धरून विचारलं, "सोबत एक म्हणजे कोण?"

अंकुश ताटातल्या भाताकडे असा पाहू लागला, जणू त्यात एक एक शीत मोजायचं काम त्याच्यावर सोपवलंय.

"अहो, सांगा ना," मी म्हटलं.

"तुम्ही दोघी ठरवा," तो म्हणाला. एकोणीस वर्षांत या माणसानं एवढाच एक निर्णय घेतलाय, आणि तो रोज घेतो.

"मले समुद्र पाहाचा हाय," ताराबाई म्हणाल्या. "अडुसष्ट वर्षाची झालो. अखीन कवा पाहू?"

मला आधीच कळायला हवं होतं. आम्ही दोघं पासपोर्ट काढायला नागपूरला गेलो, तेव्हा या 'गाडी रिकामीच चालली' म्हणून बसल्या होत्या. तिथे आमच्यासोबत रांगेत उभ्या राहिल्या. "काढून ठेवाले काय जाते?" आता कळलं काय जाते!

थेट नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. पण मी शिकलेली बाई. विचार केला, नाही आपण कशाला म्हणायचं? त्यांच्याच तोंडून म्हणवून घेऊ. गाव असं निवडायचं की त्या ऐकूनच घाबरल्या पाहिजेत!

सकाळी चहा देताना सुरुवात केली. "आई, ते बेंटोटा बरं वाटतंय. पण गाव लंकेत आहे हो. रावणाचा मुलूख!"

"मंग?" बशीतला चहा फुंकत त्या म्हणाल्या. "रावणाचं पाप रावणाजवळ. सीतामाईनं दिवस काढले तिथं, तेबी झाडाखाली. मले तं खोली भेटून राहिली!"

लंका बाद. मी दा नांगकडे वळले. "तिकडे म्हणे पोळी मिळतच नाही, आई. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. वर मासे!"

आता माझी चूक बघा. माझं माहेर दर्यापूर. गावाच्या नावात दर्या आहे, पण आजूबाजूला कापूस, तूर आणि ऊन. तीन वेळा भात म्हणजे आमच्याकडे शिक्षा. आणि हे मी कुणाला सांगत होते? धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरातच जन्मलेल्या बाईला! लग्नानंतर मी पहिल्यांदा पोळ्या केल्या, तेव्हा यांनी "कोणी बिमार हाय का?" असं विचारलं होतं.

ताराबाईंचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा फुलला. "भात अन् मासे? बाप्पा! मंग तं आपलेच लोक होत ना ते! टाक खूण!"

पडली खूण दा नांगवर. दुपारपर्यंत शेजारच्या रुखमिणीमावशी अंगणात येऊन विचारायला लागल्या, "ताराबाई, तिकडले लोक धान रोवतेत का पेरतेत?" आणि ताराबाई, ज्या तालुक्याच्या, मोहाडीच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या, त्या दा नांगच्या शेतीची सविस्तर माहिती देत होत्या!

फॉर्म द्यायला चार दिवस उरले. मी घाईला आले आणि घाईत माणूस जसं खोटं बोलतो तसं बोलले. ताजं, चमचमीत आणि विचार न करता.

"आई, एक सांगायचं राहिलंच. तिथे प्रत्येकाला समुद्रात उतरावंच लागतं. कमरेएवढ्या पाण्यात! कंपनीचा नियमच आहे. दोघांचाही पाण्यातला फोटो लागतो, नाहीतर सहलीचा खर्च वसूल करतात."

ताराबाईंचा हात थांबला. निवडता निवडता सुपातले तांदूळ थांबले. मी मनातल्या मनात समुद्रावर पोचलेसुद्धा!

"कमरेएवढ्या?" त्यांनी विचारलं.

"कमरेएवढ्या."

"लाटा मोठ्या राहातेत?"

"घराएवढ्या!"

"बरं झालं सांगतलं," त्या म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गायब. शोधलं तर गावच्या बोडीत! म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ताराबाई या काठावरून त्या काठावर पोहत होत्या आणि काठावर धुण्याला आलेल्या बाया धुणं सोडून टाळ्या वाजवत होत्या.

"लहानपणी म्हशीच्या पाठीवरून उडी मारत जावो मी!" पाण्यातूनच त्या ओरडल्या. "हात विसरला नाही, विजू!"

मी त्यांचा टॉवेल धरून उभी.

पण खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणजे, माझी सोडून सगळ्यांची. त्या दिवसापासून अंकुश बदलला. बोलेना. गिऱ्हाइकानं तणनाशक मागितलं तर बियाणं द्यायचा. जेवणात लक्ष नाही. मला वाटलं, बिचारा! आई आणि बायको यांच्यात भरडला जातोय. शेवटी प्रेम आहे माझ्यावर!

तिसऱ्या दिवशी दुकानात आठ-दहा शेतकरी बसलेले असताना त्यानं घसा खाकरला.

"मी का म्हणतो," तो म्हणाला, "मी नाही जात. आईनं जलमभर आमच्यासाठी खस्ता खाल्ल्या. समुद्रावर आईच जाईन."

बसलेल्यांतले डोमाभाऊ उठले आणि त्यांनी अंकुशला मिठीच मारली. "वा रे बाबू! असा लेक लाखात एक!" कुणी डोळे पुसले. कुणी स्वतःच्या मुलाला फोन लावून तिथल्या तिथे झापलं. आणि सगळे एकदम माझ्याकडे वळले, आता सूनबाई किती आनंदानं हसते ते पाहायला. मी हसले. असं हसू पासपोर्टच्या फोटोतसुद्धा चालत नाही.

गिऱ्हाइकं पांगल्याबरोबर मी अंकुशला गोदामात खेचलं. दोन बाजूंना खताच्या थप्प्या, मधे तो.

"हे काय केलंत? आपण दोघं जायचं ठरलं होतं ना?"

तो पोत्यावर बसला. शिवणीचा दोरा उकरायला लागला. "विजू, मले पाण्याचं भेव वाटते."

"काय?"

"आठ वर्षाचा होतो. बोडीत बुडालो होतो. आईनं केसाले धरून काढलं. तवापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं का मले काहीच सुचत नाही. तुले कसं सांगू? अन् तिथं तं कमरेएवढ्या पाण्यात उतराचा नियम हाय."

एकोणीस वर्षं! नदीवर गेलो की हा माणूस काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचा, आणि मी माहेरी सांगायची, किती जबाबदार आहे!

"अहो, तसा काही नियम नाही! मी खोटं बोलले. आई येऊ नयेत म्हणून बोलले!"

त्याच्या डोळ्यांत अशी माया दाटून आली की मला रडू यायचं बाकी राहिलं.

"मले नेण्यासाठी एवढं खोटं बोलून राहिली तू?"

"आत्ता नाही! तेव्हा खोटं बोलले! आत्ता खरं बोलतेय!"

"राहू दे, विजू. समजते मले."

"देवाशपथ!"

"देवाले कायले मधात आणते?"

उपाय एकच होता. फॉर्म न्यायला मंगेश आला, तशी मी त्याला दारातच धरलं. "मंगेशभाऊ, यांना जरा सांगा. समुद्रात उतरणं सक्तीचं असतं का?"

अंकुशनं विचारलं, "उतराच लागते का जी?"

मंगेश म्हणजे उत्साहाचा पंप. त्याला वाटलं, भाऊची हौस फुटून वाहतेय. "उतराच लागते म्हणजे काय! न उतरता सोडतो का आमी कोणाले? मागच्या वर्षी एक जण नाही म्हणत होता, चौघांनी उचलून फेकला!"

अंकुशनं खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. 'सोबत एक' या रकान्यात मी लिहिलं, ताराबाई.

तर आम्ही दा नांगला पोचलो. खोलीचं दार उघडलं आणि मी जागीच थांबले. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा भला मोठा बदाम! त्याच्या मधोमध टॉवेलाचे दोन राजहंस, चोचीला चोच लावून! कंपनीनं जोडप्यांची सहल म्हणून कळवलं होतं.

"अय, टावेलाचे बगळे!" म्हणत ताराबाईंनी एका हंसाची मान सोडवली आणि तोंड पुसलं. पाकळ्या गोळा करून पिशवीत भरल्या. "देवाले होतीन."

दुपारी त्या समुद्रात शिरल्या. पहिली लाट आली, आडव्या झाल्या, उठल्या आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "विजू! खरंच खारट हाय वो!" परदेशी पोरं त्यांच्यासोबत फोटो काढायला रांगेत उभी राहिली. मी काठावर मोबाइल धरून. अंकुशचा व्हिडिओ कॉल आला.

"कसा हाय समुद्र?"

मी फोन फिरवून दाखवला. तिकडे करडीत त्यानं आपला मोबाइल दोन हात लांब धरला.

संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी वाळूवर टेबल मांडलं, मेणबत्ती लावली आणि बदामाच्या आकाराचा केक आणला. जोडप्यासाठी. वेटर आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहून फार प्रेमानं हसला आणि गेला.

ताराबाई लाटांकडे पाहत होत्या. ओले केस, पोरीसारखा चेहरा. मला वाटलं, जाऊ दे. यांना मिळालं ना!

"विजू," त्या हळूच म्हणाल्या, "अंकुशले पाण्याचं भेव हाय, हे तुले मालूम नोयतं?"

"नव्हतं हो, आई."

"मले होतं." त्यांनी सुरी उचलली. "तू ते कमरेएवढ्या पाण्याचं सांगतलं ना, मंग तेच मी त्याले रोज सांगत जावो. सकाळी एक बार, झोपताना एक बार."

बी.एस्सी. ॲग्री मी, आणि फवारणी कुणी केली बघा!

तर एकूण हिशेब असा. समुद्र ताराबाईंना. लाखात एक लेक हा किताब अंकुशला. फोटो परदेशी पोरांना. किंमत भरली मी. नाही म्हणायला केकचा मोठा तुकडा त्यांनी मलाच दिला. मी फार भारावले. मग लक्षात आलं, वरची चेरी त्यांच्या गालात होती.