मुश्ताकभाईंचं टेस्टिंग

मुश्ताकभाई शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून आधी आपल्या बायकोला कॉल लावतात. बायको रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात आणि आम्ही सगळे शारजाला, अल नहदा भागात.

लिफ्टसमोरच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहतात. उभं आयुष्य खोर फक्कानच्या बंदरात क्रेनच्या वायरिंगमध्ये गेलं. आता एका गोदामात अर्ध्या दिवसाची नोकरी आहे. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवला. 'कॉम्प्युटर बिघडल्यास कळवणे. घरी येऊन बघणार. पैसे नाहीत.'

पैसे का नाहीत, असं मी लिफ्टमध्ये विचारलं.

"पैसे घेतले की धंदा झाला. धंद्याला लायसन पायजे. हा शेजारधर्म हाय, त्याला लायसन नाय लागत."

फुकट म्हटल्यावर कोणी बोलावेना. फुकट काम करणाऱ्यावर आपला मुळात विश्वास नसतो. शेवटी आमच्याच लॅपटॉपने मान टाकली, म्हणून पहिलं गिऱ्हाईक आम्ही.

आल्या आल्या त्यांनी डॉक्टरासारखी चौकशी सुरू केली. कधीपासून? तापतो का? रात्री घरघर करतो? मग लॅपटॉप पालथा घालून मागचं झाकण काढलं आणि पंख्यातली चिमूटभर वाळू माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, तळहातावर ठेवली.

"भाभी, बाल्कनीचा दरवाजा लावत जा. अर्धा वाळवंट आत येऊन बसलाय."

लॅपटॉप सुरू झाला. आम्ही आभार मानायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "ठैरो. टेस्टिंगशिवाय काम पुरा नाय."

टेस्टिंग म्हणजे त्यांच्या बायकोला, जैबूनभाभींना, व्हिडिओ कॉल. "कॅमेरा, माईक, स्पीकर, नेट, सगळा एका झटक्यात कळतो," हे त्यामागचं शास्त्र. इथल्या सरकारी बंदीमुळे प्रत्येक ॲपवर कॉल लागत नाही, म्हणून आधी लागणारं ॲप टाकायचं आणि मग कॉल. पडद्यावर ओढणी सावरत एक हसरी बाई आली. मुश्ताकभाई लॅपटॉप ताटासारखा दोन हातांवर घेऊन निघाले. "हा हॉल. ह्या वैशालीभाभी, डोंबिवलीच्या."

"पडदे झ्याक हायत. जरा किचन दाखवा," पलीकडून फर्माईश आली. किचन झालं. आमच्या लेकीच्या खोलीत वरात शिरली तेव्हा ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "पपा, ही इज शोइंग माय रूम टू समवन." दुरुस्तीपेक्षा टेस्टिंगच जास्त वेळ चाललं.

पण हाताला गुण होता. हळूहळू केरळच्या, लाहोरच्या, कैरोच्या घरांतून बोलावणी यायला लागली आणि प्रत्येक घरात टेस्टिंग होत गेलं. एकदा लिफ्टच्या रांगेत मुश्ताकभाईंनी सगळ्यांना थोपवून तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना पुढे घातलं. मला हळूच म्हणाले, "सातवा लागलाय त्यांना. आमच्या घरातून सांगून ठेवलंय, त्यांना उभी ठेवू नका." आमच्या बिल्डिंगची सर्वांत जास्त खबर असलेल्या बाईने बिल्डिंगमध्ये कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं.

आणि एक दिवस घोटाळा झाला. पाचव्या मजल्यावरच्या घरात लॅपटॉप घेऊन ते थेट किचनमध्ये शिरले. तिथे घरच्या बाई डोकं न झाकता पोळ्या लाटत होत्या. कॉलवर आपलीच बायको आहे, तिच्यापासून कसला पडदा, असा मुश्ताकभाईंचा हिशेब. त्या बाईंच्या नवऱ्याने ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं, की न विचारता घरातल्या बायकांना कॅमेऱ्यात घेतलं जातं. मुश्ताकभाई लगेच वर जाऊन माफी मागून आले. भांडण कोणी केलं नाही. लोकांनी बोलावणं मात्र बंद केलं. आम्हीही कशात पडलो नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. एका शुक्रवारी दुपारी वैशालीने त्यांच्यासाठी अळूवड्या दिल्या, त्या घेऊन मी गेलो. खोलीत एक कॉट, एक टेबल आणि बाकी भिंती. मी टेकतोय तोवर त्यांचा फोन वाजला. जैबूनभाभींचा व्हिडिओ कॉल होता.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले. आणखी काय?"

"काय नाय. खलास."

मग दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण संसार झाला तो सुट्ट्यांपुरता. ते इथे, त्या तिथे सासूला सांभाळत. दोघांनी मिळून एक पडदासुद्धा कधी निवडला नसेल. मग बोलणार तरी कशावर? इतके दिवस ते आमच्या पडद्यांवर, आमच्या किचनवर बोलत होते. या खोलीत भाभींना दाखवण्याजोगं खरंच काही नव्हतं.

"ठैर, पाहुणे आलेत," असं म्हणत मुश्ताकभाईंनी फोन माझ्याकडे वळवला. भाभींचा चेहरा उजळला. "अगो बाय, वैशालीभाभींचे मिस्टर ना? ओ, त्यांना चाय दिलीत की नाय?"

मुश्ताकभाई लगबगीने उठले, फोन माझ्या हातात देऊन ओट्याकडे गेले आणि भांडी शोधायला लागले. भाभींनी कान देऊन आवाज ऐकला. मग चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणला.

"भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे आता कोणाचाच कॉम्प्युटर बिघडत नाय काय? एखादा बिघडवा ना. हे माझ्याशी बोलायचेच बंद झालेत."