पांढऱ्या वायरींचं गाव

जेवणाच्या टेबलावर गाव वसलं, तेव्हापासून घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. माणसं दोनच, वीज निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले साहेब आणि त्यांची बायको. गावात मात्र सगळा थाट होता. स्टेशन, घरांची रांग, रस्त्यावरचे दिवे, सिग्नल, वर-खाली होणारं फाटक, त्याची घंटा आणि या सगळ्याला वळसा घालणारी हातभर लांबीची मालगाडी. फक्त अजून काही पेटत नव्हतं आणि काही हलत नव्हतं.

"रविवारी व्याही आणि विहीणबाई जेवायला येतायत," बायकोने बजावलं. "त्यांच्यासमोर तुमचं गाव नीट चाललं, तर टेबल कायमचं तुमचं. नाही चाललं, तर गाव माळ्यावर आणि ताटं टेबलावर. कबूल?"

"चालेल कसलं, धावेल!" साहेब म्हणाले. पण गाव माळ्यावर गेलं की ते पुन्हा खाली येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माळ्यावर त्यांची बासरी, कॅमेरा आणि व्यायामाची सायकल आधीच मुक्कामाला होती.

अडचण एकच होती. सगळ्या वायरी पांढऱ्या होत्या. घरात पांढऱ्या वायरीचं एक मोठं भेंडोळं पडून होतं आणि ते वापरायचा मोह साहेबांना आवरला नव्हता. नोकरीत असताना 'कुठली वायर कशाची, खूण कुठाय?' असं दरडावून त्यांनी भल्याभल्या कारखानदारांना घाम फोडला होता. स्वतःच्या गावात मात्र ते 'राहील की लक्षात' म्हणाले. ते अर्थातच राहिलं नाही.

मग आठवडाभर एकेक वायर बॅटरीला लावून त्यांनी छडा लावला आणि प्रत्येक टोकाला कपड्यांचा एकेक चिमटा अडकवला. लाल म्हणजे फाटक, निळा म्हणजे घरं, पिवळा म्हणजे स्टेशन. मोडका नारिंगी होता तो गाडीचा. टेबलाखालच्या पट्टीतून डोकावणारी ती रंगीत रांग बघून साहेबांचा ऊर भरून आला. टोकं स्विचांना जोडायचं काम तेवढं रविवारी सकाळवर ठेवलं.

रविवारी ते दाढी-आंघोळ उरकून आले, टेबलाखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "अगं, चिमटे कुठे गेले?"

"कपड्यांना लावले," गॅलरीतून उत्तर आलं. "चिमटे कपड्यांचेच असतात. आठवडाभर शोधतेय मी. तुमचा सदरा उडून खालच्यांच्या कुंडीत पडला, ठाऊक आहे?"

"अगं, ती खूण होती!"

साहेब पुढेही बरंच बोलणार होते, पण दाराची बेल वाजली. तेव्हा त्यांनी हाताला येईल ती वायर दिसेल त्या स्विचला जोडली आणि हसतमुखाने बाहेर आले.

व्याही शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे समोर काही मांडलेलं दिसलं की पुढे सरकून बसायचे. साहेबांनी छोटंसं भाषण केलं. "तर आता स्टेशनचे दिवे," असं म्हणून स्विच दाबला. फाटक पडलं.

"सुरक्षेसाठी आधी फाटक," साहेब म्हणाले. "आता घरांमध्ये उजेड."

मालगाडी सुसाट सुटली. तिने फाटक उडवलं, प्रतीक्षालयाचं छप्पर काढलं आणि डबे सांडत ती विहीणबाईंच्या मांडीत येऊन थांबली. वर घंटा वाजायला लागली. ती बंद करायला साहेबांनी आणखी एक स्विच दाबला, तर नुसता सिग्नल हिरवा झाला.

"आमच्याकडे सरळ आली की हो गाडी!" विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

बायकोने माळ्याकडे एकदा पाहिलं. साहेब मटकन खुर्चीत बसले. "मी तपासणीला आलो असतो ना," ते म्हणाले, "तर मीच या गावाला इथल्या इथे कुलूप ठोकलं असतं. आणि वर मालकाला चार शब्द सुनावले असते."

"वहिनी," व्याह्यांनी विचारलं, "चिमटे काढलेत कसे? ओरबाडून?"

"ओरबाडेन कशाला? खिडकीकडच्या टोकापासून एकेक काढला आणि तसाच एकेक दोरीवर लावत गेले."

दोघे पुरुष गॅलरीकडे धावले. दोरीवर सगळं त्याच क्रमाने होतं. पहिल्या टॉवेलला लाल, उशीच्या अभ्र्याला निळा. "टॉवेल म्हणजे फाटक!" साहेब आनंदाने ओरडले. "अभ्रा म्हणजे घरं! माझा बनियन..." ते थबकले. "माझा बनियन म्हणजे गाडी."

"वाळलेत की," म्हणत विहीणबाईंनी मदतीच्या भावनेने चादरीला हात घातला.

"हात लावू नका!" दोघे एकदम किंचाळले. चादर म्हणजे स्टेशन होतं.

गाडी रुळावर आणि फाटक जागेवर बसवून झाल्यावर व्याही गॅलरीतून दोरी वाचत गेले आणि साहेब टेबलाखाली जोडत गेले. जेवण गार झालं, पण शेवटी स्टेशन उजळलं, फाटक पडलं, घंटा वाजली आणि मालगाडी शहाण्यासारखी वळणावरून गेली. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको मनापासून हसली आणि चौघांची ताटं आपणहून मांडीवर दिली.

"टेबल तुमचं," पाहुणे गेल्यावर ती म्हणाली. "पण तात्पुरती डकवलेली टोकं नीट पक्की करा. आणि चिमटे माझे."

साहेबही दिलदार झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नवे, दणकट चिमटे आणले. टोकं सोडवण्याआधी प्रत्येकाला खूण हवी, हे आता त्यांना कुणी सांगायला नको होतं. एकेका वायरीला चिमटा लावायचा, मगच ती स्विचवरून सोडायची, असं करत त्यांनी अख्खी रांग पूर्ण केली. मग उताणे पडून ती रांग डोळे भरून बघितली, आणि बघतच राहिले. पाकिटातले सगळे चिमटे पांढरे होते.

"झालं का हो पक्कं?" बायकोने वरून विचारलं.

"होतंय, होतंय," साहेब म्हणाले. मग शक्य तितक्या सहज आवाजात टेबलाखालूनच त्यांनी विचारलं, "अगं, कालचे कपडे काढलेस का गं दोरीवरचे?"