कहाणीला हूं

भिकुबाईंना कहाण्या तोंडपाठ होत्या. अडचण होती ती ऐकणाऱ्याची.

श्रावण दाराशी आला होता. महिनाभर रोज सकाळी पूजा, मग मुठीत अक्षता धरून त्या त्या वाराची कहाणी, आणि कहाणी झाल्यावरच तोंडात घास, हा त्यांचा नेम. सासूबाईंनी तो पदरात घालताना एक अट बजावली होती : "हूं नही, तर कहाणी नही." समोर कुणीतरी बसून हूं म्हटलं पाहिजे. नुसतं देवापुढे पुटपुटलं तर ते स्वतःशीच बोलणं झालं, आणि तेवढ्यासाठी नेम कशाला धरायचा? ते तर भिकुबाई दिवसभर करतच होत्या.

पूर्वी हूं म्हणायला घर भरलेलं असे. सासूबाई म्हणत, मग लेक चेतना म्हणू लागली. ती पुण्याला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला चिकटली, तेव्हा हे काम मालकांकडे आलं. ते दाढी करता करता हूं देत, आणि राजाने राणीला रानात सोडलं की वस्तरा थांबवून दर वर्षी न चुकता म्हणत, "हाऊ राजा मूरखच शे." आता मालक भिंतीवरच्या फोटोत होते. तिथून त्यांना सगळं दिसत असावं. हूं तेवढा येत नव्हता.

एकदा त्यांनी दूधवाल्या दोधूला दारात धरून कहाणी सुरू केली होती. त्याने दोन हूं दिले आणि तिसऱ्याला म्हणाला, "मावशी, राणीनं काय व्हवाचं ते व्हई, पन मन्हं दूध नासी जाई."

शेवटी चेतनाला फोनवर सांगायचं ठरलं. पण फोन पुढच्या खोलीत, त्याची वायर आखूड. आणि देव स्वयंपाकघरात. गेल्या श्रावणात भिकुबाईंनी देवांचा पाट फोनजवळ आणून मांडला, तर गॅस सिलिंडरवाला चपलांसकट देवापुढे उभा राहून सही मागू लागला. मोबाइल होता, पण जन्मभर मिरच्या कुटलेली त्यांची बोटं त्या काचेला ओळखू येत नसत, आणि कहाणी ऐन रंगात आली की गालानेच फोन बंद होई.

"आई, तू कॉर्डलेस घे," चेतना म्हणाली. "हातात धरून घरभर फीर. मी रोज नऊला करते फोन."

शहाद्याच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात उमाकांतने काउंटरवर डबा उघडला.

"मावशी, एकवाला संपना. दोनवाला शे. एक बेस, दोन हँडसेट."

"भाऊ, मी घरमा एकटी. दोन्ही कानले दोन लावू का?"

"दुसरा वरनी खोलीमा ठेवा. हाई दखा, फोन उना का दोन्ही वाजतस. तुम्ही एकवर बोली ऱ्हायन्या अन् कोणी दुसऱ्यावर हिरवं बटन दाबं, तर तोबी मधमा येस. अन् हाई बटन दाबं का एक हँडसेटवरून दुसरा वाजस. बिल नही, काही नही!"

"म्हणजे मी खालून वर मालेच फोन करू?"

उमाकांतने मान खाजवली. "करता येस," तो म्हणाला, "पन उचलनारं कोनी पाहिजे ना."

भिकुबाई हसल्या. डबा पिशवीत घालताना तो त्यांना उगीच जड वाटला.

पहिल्या सोमवारी दिवा लागला, नऊ वाजले, फोन आला. भिकुबाई देवापुढे बसल्या. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात हँडसेट.

"राणी उपाशी, रानमा झाडखाले बठनी," त्या गहिवरून म्हणाल्या.

"हूं, परफेक्ट."

"काय परफेक्ट? उपाशी शे ती!"

"तुला नाही गं आई, इथे एकजण... तू सांग."

"मग राजानी इचारं, बाई, तू कोन?"

"हूं. फाइल पाठवली का?"

"राणीनं काही फाइल-बिईल धाडी नही," भिकुबाई दुखावून म्हणाल्या. हूं मिळाला होता, तेव्हा त्या जेवल्या. पण घास गोड लागला नाही. वेठीचा हूं देवाने हिशेबात धरला असेल का, ही शंका ताटावर बसून राहिली.

त्याच आठवड्यात दुपारी लख्ख ऊन पडलं, म्हणून त्यांनी गोधड्या बाहेर काढल्या. चेतनाचा फोन यायचा म्हणून वरच्या खोलीत ठेवलेला दुसरा हँडसेट हाताशी घेतला. गोधड्या घातल्या मागच्या भिंतीवर, आणि ती भिंत शोभाबाईंशी सामाईक होती.

शोभाबाईंशी त्यांचा चार वर्षांपासून अबोला होता. कारण होतं एक खापर, पोळ्या भाजायचं मातीचं भांडं. पुरणपोळीसाठी भिकुबाईंनी शोभाबाईंचं खापर मागून आणलं आणि परत दिलं, तेव्हा त्याला तडा होता. भिकुबाई म्हणाल्या, आधीचाच. शोभाबाई म्हणाल्या, आताचा. तेव्हापासून दोघी एकमेकींशी अक्षरही बोलत नव्हत्या. शोभाबाईंचा मुलगा सुरतेला, त्यामुळे त्यांच्या घरातही बोलायला दुसरं कुणी नव्हतं. दोन घरांत मिळून दोन बाया, आणि त्याही गप्प. पण अबोल्याचीही एक शिस्त होती. वाऱ्याने एकीचं लुगडं पलीकडे गेलं तर दुसरी ते घडी घालून भिंतीवर ठेवी. न बोलता.

संध्याकाळी भिकुबाई बाहेर आल्या तर एक गोधडी पलीकडे घसरलेली, आणि नीट घडी होऊन भिंतीवर परत आलेली. वरचा हँडसेट मात्र कुठेच नव्हता. त्यांनी पिठाचा डबा पाहिला, फ्रिज पाहिला, देवांच्या कपाटातही हात घातला. मालकांचा चष्मा सापडला, बडीशेपेची डबी सापडली, हँडसेट नाही. चेतनाला सांगायची सोय नव्हती. 'दोन दिवसांत हरवलास?' हे वाक्य त्यांना आधीच ऐकू येत होतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून चेतना सुधारली.

कहाणी सुरू झाली. "आटपाट नगर व्हतं..."

"हूं." हळू, पण अगदी वेळेवर.

राजा शिकारीला गेला, हूं. राणीने वसा टाकला, त्यावर काळजीचा, लांबलेला हूंऽऽ. राणीला रानात सोडलं तेव्हा तर फोनमध्ये कुणीतरी चक्क नाक ओढलं. भिकुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग रोज तसंच. भिकुबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. "मन्ही पोर इतली मोठी साहेब, पन कहाणीले असा हूं देस ना, सासूबाईनी आठवन येस!" दोधूला तर रोज दुधाबरोबर हे ऐकावं लागे.

नवलाचंही काही कानावर येई. इकडे गल्लीत कुकरची शिट्टी झाली की त्याच क्षणी पुण्यातही होई. एकदा तर फोनमधून स्पष्ट आरोळी आली, "गिलकी ल्या वं, ताजी गिलकीऽऽ!" आणि तीच दारातूनही. पुण्यासारख्या शहरात आपल्याकडचे भाजीवाले पोचले याचा भिकुबाईंना अभिमानच वाटला.

एका संध्याकाळी न राहवून त्या लेकीला म्हणाल्या, "बेटा, तुन्ही पुन्याई मोठी. इतला कामधंदामा माले असा सुंदर हूं देस!"

पलीकडे कुठलं तरी दार लागल्याचा आवाज आला.

"आई," चेतना म्हणाली, "रागावू नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत मीटिंगमध्ये सगळ्यांना तुझी कहाणी ऐकू गेली. साहेब विचारायला लागले, ही राणी कोणत्या डिपार्टमेंटची? म्हणून मग मी माझा आवाज बंद करून फोन टेबलावर ठेवायला लागले. म्हटलं, हूं आला नाही की तू ओरडशील. तू ओरडलीच नाहीस. म्हणून मग... रोजच."

भिकुबाईंनी हँडसेट दुसऱ्या कानाला लावला. "मंग हूं कोन दी ऱ्हायनं?"

"काय?"

"रोज हूं येस, चेतना. रडाना आवाजबी येस."

"आई, घरात कुणी शिरलंय का? सगळी दारं लाव!"

भिकुबाईंनी दारं लावली. लावताना त्यांना जाणवलं, आत कुणी शिरलं असतं तर इतके दिवस तेवढीच सोबत झाली असती. आपली लेक ऐकत नव्हती. आपण टेबलाला कहाणी सांगत होतो. मालकांच्या फोटोपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग एकाएकी त्यांच्या मनात दुसराच विचार आला. माणूस हूं देत नव्हतं, तर मग कोण देत होतं? त्यांनी घाईघाईने देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी नऊला चेतना जातीने फोनवर होती. "आई, मी ऐकतेय, पण मी एक अक्षर बोलणार नाही. तू सुरू कर."

"आटपाट नगर व्हतं..."

"हूं."

"चेतना, तू का?"

"मी नाही! शप्पथ, मी नाही!"

भिकुबाईंची मूठ सुटली. अक्षता पाटावर सांडल्या. त्यांनी डोळे मिटले, हँडसेट कपाळाला लावला, पुन्हा कानाशी आणला आणि अगदी हळू विचारलं, "देवा... तूच शेस का?"

फोनमध्ये कुणीतरी आवंढा गिळला. मग फार संकोचून उत्तर आलं, "...हूं."

त्याच वेळी देवाच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ बारीक टूं-टूं असा आवाज येऊ लागला.

"आई," चेतना म्हणाली, "हा टूं-टूं बॅटरी संपत आल्याचा आहे. तुझा दुसरा हँडसेट कुठाय?"

भिकुबाई सांडलेल्या अक्षता वेचू लागल्या.

"आई?"

"शे... आठेच कोठे तरी."

"फोन ठेव. बेसवर एक बटण असेल, ते दाब. हरवलेला हँडसेट वाजेल."

भिकुबाईंनी पुढच्या खोलीत जाऊन बटण दाबलं. त्यांच्या हातातला हँडसेट वाजला. आणि दुसरा वाजला तो भिंतीपलीकडे, शोभाबाईंच्या स्वयंपाकघरात.

त्या मागच्या दारी आल्या तेव्हा शोभाबाईही बाहेर आल्या होत्या. वाजणारा हँडसेट त्यांनी गरम भांडं धरावं तसा पदरात धरला होता आणि तो कसा बंद करावा हे त्यांना कळत नव्हतं. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. बोलायचं तर नव्हतं. शेवग्यावर एक कावळा बसला होता. भिकुबाईंनी त्याच्याकडे तोंड केलं.

"दख रे कावळा. मानसं गोधडी परत करतस, अन् गोधडीना पोटमाचं ठेवी लेतस."

शोभाबाई आपल्या तुळशीकडे वळल्या. "तुळशीमाय, चोरी करानी आमना घरनी रीत नही. गोधडी झटकी तव्हय हाई पडनं. सकाळले भिंतवर ठेवसू म्हनं, तितलामा वाजनं. बंद कराले हिरवं बटन दाबं, तर कहाणी सुरू व्हयनी. मंग राणी रानमा बठेल, उपाशी! कहाणी अर्धी टाकी कशी उठू?"

"कावळा, कहाण्या सर्व्या बायास्ले ठाऊक ऱ्हातस."

"ठाऊक शेतस, माय," शोभाबाई तुळशीला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "पन माले सांगनारं कोन शे?"

कावळा उडाला. आता भिकुबाईंना बोलायला कुणी उरलं नाही. तरी त्यांनी रिकाम्या फांदीला विचारलंच, "अन् देव कोन बननं व्हतं?"

"इचारनारीनीच इचारं!" शोभाबाई तुळशीवर ओरडल्या. "नही म्हनं तर ते बोलनं व्हयनं असतं. मी बोलनू नही. हूं म्हनं. हूं म्हंजे काय बोलनं शे का?"

पदरातला हँडसेट शेवटचं टूं करून थंड पडला. शोभाबाईंनी तो भिंतीवर ठेवला, गोधडीसारखाच नीट सरळ करून, आणि त्या आत गेल्या. त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज इकडे ऐकू आला.

संध्याकाळी चेतनाचा फोन आला. "आई, उद्यापासून मी खरंच ऐकते. बाहेर जिन्यात जाऊन बसेन."

"रविवारले ऐकजो," भिकुबाई म्हणाल्या. "हप्ताभर तू तुन्हं काम कर."

रात्रभर दुसरा हँडसेट वरच्या खोलीत चार्जरवर होता. सकाळी भिकुबाईंनी तो खाली आणला. हातात घेऊन जरा थांबल्या. मग पुन्हा वर गेल्या, चार्जरही भिंतीतून उपसला, त्याची वायर नीट गुंडाळली, आणि दोन्ही वस्तू मागच्या भिंतीवर ठेवून, कुणाकडे न बघता आत आल्या. न्हाऊन पूजा मांडताना खिडकीतून एकदा डोकावल्या. भिंत रिकामी होती.

नऊ वाजले. दिवा लागला. मुठीत अक्षता घेऊन त्यांनी उमाकांतने दाखवलेलं ते बटण दाबलं. पलीकडे घंटी वाजू लागली. वाजत राहिली. उचलणारं कुणी पाहिजे ना.

उचललं गेलं. कुणीतरी श्वास घेत होतं.

"आटपाट नगर व्हतं," भिकुबाई म्हणाल्या.

हूं आला नाही. त्या थांबल्या. सासूबाईंची अट ती अट. निरांजनाची वात चुरचुरली.

"थांब वं जरा," फोनमधून शोभाबाई म्हणाल्या. "दूध वर उनं. गॅस बंद करी येसू."

नगर होतं तिथेच उभं राहिलं, राजा-राणीसकट. आणि भिकुबाई अक्षतांची मूठ छातीशी धरून खुशाल थांबल्या.