भादुरी वकिलांचा साक्षीदार

भादुरी वकिलांना तुम्ही ‘बाहेर ऊन लई हाय’ एवढंच सांगून बघा. ते चष्मा कपाळावर चढवतील आणि विचारतील, “साक्षीदार कोण?” पक्षकारांना याची इतकी सवय झालीय, की श्रीगोंद्याहून बांधाची तक्रार घेऊन येणारा माणूस शेजाऱ्यालाही सोबत आणतो. मी त्यांचा कारकून. एकदा दातदुखीची रजा मागायला बायकोला घेऊन गेलो. रजा मिळाली, पण बायकोच्या उलटतपासणीत माझी मागच्या दोन आजारपणांची रजाही उघडी पडली.

आडनाव बंगाली, पण माणूस केडगावचा. वडील नागापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. साहेबांची मराठी माझ्यापेक्षा नगरी आहे. बंगालीत ते फक्त मासे निवडताना बोलतात, तेही स्वतःशीच. दुसरं कुणी नाहीच घरात.

राजकारणात त्यांना नळानं आणलं. आमच्या गल्लीत पाणी येत नव्हतं आणि पालिकेच्या कागदावर रोज येत होतं. साहेबांनी गल्लीतल्या बायका रिकाम्या हंड्यांसह पालिकेत साक्षीला नेऊन बसवल्या. पाणी आलं. बायका म्हणाल्या, आता तुमीच उभं ऱ्हावा. विरोधक म्हणाले, बाहेरचा माणूस. त्यावर मात्र साहेबांनी साक्षीदार मागितला नाही, नुसता चष्मा पुसत बसले. तेव्हा मला कळलं, त्यांना नगरसेवक व्हायचं होतं ते इथला माणूस ठरण्यासाठी.

अर्ज भरायचं काम माझ्याकडे. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात एक रकाना होता, प्रलंबित फौजदारी खटल्यांचा. वीस वर्षं रोज सकाळी मी हीच यादी करत आलोय. हात आपोआप चालला. ऑफिसातल्या पक्षकारांचे सगळे खटले मी वळणदार अक्षरात साहेबांच्या नावावर उतरवले: म्हैस चोरणे, बांधावरची मारामारी, सासूला ओट्यावरून ढकलणे. दुधाच्या पिशवीवरचा मजकूरही दोनदा वाचणाऱ्या माणसानं त्यावर न वाचता सही केली.

प्रतिज्ञापत्र फलकावर लागलं आणि संध्याकाळपर्यंत साहेब म्हैसचोर झाले. ज्यांना सासूच नाही त्यांनी सासू ढकलली कुठून, हे कुणी विचारलं नाही. दुरुस्तीची मुदत टळून गेली होती.

कोपरा सभेत कुणीतरी विचारलंच, हे लिहिलं कुणी? मी मंडपाच्या खांबाआड. खांब बारीक, मी रुंद.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “सही माझी हाय. आन पक्षकाराचा खटला वकिलाचाच असतो.”

मागून म्हशीच्या खटल्यातला आरोपी स्वतःच उठला. म्हणाला, “म्हस मी नेल्ती का न्हाई ते कोर्ट बघंल. पर वकीलसायबांनी न्हाई नेली.”

लोक हसले, टाळ्या झाल्या, पण मतं कमी पडली.

निकालानंतर तीन दिवस मी तोंड लपवून घरीच बसलो. चौथ्या दिवशी साहेब दारात. हातात पिशवी. मला वाटलं, माझा हिशेब मिटवायला आले. पिशवीत मासे निघाले.

“पगारे, एकट्यापुरतं कालवण जमत न्हाई मला,” ते म्हणाले. त्या दिवशी बायकोच्या हातचं कालवण दोनदा मागून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी येतात. अर्जाचा विषय त्यांनी आजवर काढलेला नाही.

परवा पुन्हा निवडणूक लागली आणि त्यांनी कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, साहेब, दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या, मी चुकतो.

चष्मा कपाळावर गेला. “साक्षीदार कोण?”

“तुम्हीच की.”

“मला काय आठवत न्हाई,” ते म्हणाले, आणि कोऱ्या अर्जाखाली सही करून कोर्टात निघून गेले.

या वेळी मी प्रत्येक रकाना तीनदा वाचून भरला. खटले: निरंक. पत्नी: नाही. पुढे कुटुंबातल्या इतर व्यक्तींचा रकाना होता. तिथेही ‘कोणी नाही’ असं लिहिलं. अगदी बरोबर लिहिलं, तरी कितीतरी वेळ चुकल्यासारखं वाटत राहिलं.